उजव्या खांद्यावरचा बिल्ला

२ मार्च, सोमवार

त्या सकाळी मी आधी दूध तापवलं, लेकीची वेणी घातली, तिला शाळेत धाडलं आणि मग पलंगावर जुनी चादर अंथरून सिनेमातल्या पोशाखाची झूल इस्त्री करायला घेतली. जड कापड, आतून गुळगुळीत अस्तर, आणि खालच्या दुमडीत शिशाचे बारके तुकडे शिवलेले, म्हणजे वाऱ्यात ती कागदासारखी फडफडत नाही, डौलाने उठते. त्या तुकड्यांवरून इस्त्री फिरवायची नाही, ठसे उठतात. वर ओलं फडकं ठेवून कडेकडेने जायचं. हे शेजारी बसून बिल्ल्यामागचा आकडा पक्का करत होते. तोंडात दोरा, त्यामुळे सगळं बोलणं हूं हूं. मी म्हटलं, "आज संपेल ना एकदाचं?" दोरा दातांनी तोडून म्हणाले, "आज शूटिंगचा शेवटचा दिवस. उद्यापासून तुझ्या शिवणाच्या ढिगाला हात लावतो." मग झुलीचं गाठोडं काखोटीला मारलं आणि गेले.

इतकी वर्षं मागे पडलेली ती सकाळ आज वर आली, याला कारण वाचनालयातल्या बाई. पुस्तक बदलायला गेले तर त्यांनी मला खुर्चीवरच बसवलं. "काकू, नवा 'वावटळ' सिनेमा लागलाय. जुनाही लोक अजून विसरलेले नाहीत. तुम्ही दोन्ही बघा, आणि एकवीस तारखेच्या बैठकीत बोला. कुठला बरा, का बरा."

"मी? मला चार माणसांत नाव विचारलं तरी घाम फुटतो."

"मी रुमाल घेऊन बसते. पण त्याचं मूळ कॉमिक तुमच्याइतकं इथे कुणी वाचलेलं नाही."

ते खरं आहे. मी वाचायला शिकले तेच या कॉमिकवर. लेक शाळेत जायला लागली तरी मला अक्षरओळख जेमतेम. जुन्या सिनेमातल्या वावटळचा पोशाख शिवायचं काम यांना मिळालं, तेव्हा चित्रं बघायला यांनी जुने अंक आणले. हे चित्रातला खांदा मोजायचे, मी तोंडाजवळच्या फुग्यांतली अक्षरं वाचायचे. पहिला पूर्ण वाचलेला शब्द "थांब".

बाईंना यातलं काही ठाऊक नाही. माझं शिवणाचं दुकान आहे आणि मी पुस्तकं नेते, एवढंच त्यांना माहीत. मी हो म्हणून आले. आता लिहून काढते, म्हणजे त्या दिवशी ततपप होणार नाही.

५ मार्च, गुरुवार

दुपारी दुकान बंद ठेवून नवा सिनेमा बघून आले. खिडकीवर दोन तिकिटं मागितली. तिकीटवाल्याने विचारलं, "दुसरे कुठे आहेत?" मी म्हटलं, एकच द्या.

गोष्ट कॉमिकातलीच. हवामान खात्यातला कारकून. एकदा वावटळीत सापडतो आणि तिचं बळ अंगात येतं. मग तोंडावर पट्टी, पाठीवर झूल आणि डाव्या खांद्यावर ऑफिसचा पितळी बिल्ला. तो शहरभर लोकांना वाचवतो, पण घरी वेळेवर कधी पोचत नाही. कॉमिकात झुलीला केप म्हणतात. हे पहिल्या दिवशी झूल म्हणाले आणि मग शिवणखात्यातले सगळेच झूल म्हणायला लागले.

नव्यात झूल शिवलेलीच नाही. कॉम्प्युटरवर काढली आहे. मी तिची शिवण शोधत होते, पण शिवण नाही, दुमड नाही, अस्तर नाही. पाण्यात शाई पसरावी तशी पसरते. दिसते सुंदर, खोटं कशाला बोलू? पण वावटळ खाली बसतो तेव्हा ती त्याच्या अंगाखाली सापडत नाही. खरा माणूस झूल घालून बसला की आधी ती बाजूला करावी लागते, नाहीतर उठताना गळा आवळला जातो. जुन्यात आमचा नट दोनदा असा गुदमरला होता.

एक गोष्ट मात्र नव्याची बरी. हा वावटळ घाबरतो. उंच मनोऱ्यावरून उडी मारायच्या आधी त्याचे ओठ कोरडे पडतात. मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

आणि शेवटी तो प्रसंग आला. बायको त्याला म्हणते, जाऊ नकोस. तो डाव्या खांद्यावरचा बिल्ला काढतो, उजव्या खांद्यावर लावतो आणि सांगतो, "डावी बाजू तुझी. तिथे आता कसलंच ओझं नको." मग पाठमोरा चालत जातो.

सगळं थिएटर रडत होतं. माझ्या शेजारची मुलगी तर हुंदके देत होती, तिने मला कागदी रुमालसुद्धा देऊ केला. माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. मी आपली त्या बिल्ल्याकडे बघत बसले.

८ मार्च, रविवार

जुन्या सिनेमाची सीडी घेऊन गेले आणि लेकीकडे तो पाहिला. तिच्याकडे मोठा टीव्ही आहे. जावई गावाला गेले आहेत.

"हा कशाला आणलास? याचं नाव तरी काढायचं का आपल्या घरात?" तिने दारातच सुरुवात केली.

"वाचनालयात बोलायचंय."

"बोल की. सांग सगळ्यांना, बाबांनी एवढं चालून आलेलं काम भांडून सोडलं आणि आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवले."

तिचं हे जुनंच दुखणं आहे. तिला चित्रकलेच्या मोठ्या कॉलेजात जायचं होतं, ते जमलं नाही. तेव्हा ती यांना सरळ तोंडावर बोलली होती, तुम्ही मिजास केलीत म्हणून मी इथे अडकले. हे मशीनवरून उठलेसुद्धा नाहीत. पायट्यावरचा पाय तेवढा थांबला.

तरी तिने चहा केला आणि माझ्याजवळ बसली. हा सिनेमा ती पहिल्यांदाच बघत होती. सुरुवातीला आम्ही दोघी हसलो. किती साधा सिनेमा तो! पुठ्ठ्याच्या इमारती, एक तर वाऱ्याने चक्क वाकते. उडताना तारा दिसतात. खलनायक उगाचच हसतो, लेक म्हणाली, "याला कुणी गुदगुल्या करतंय का ग?" पण आगीच्या प्रसंगात वावटळ म्हातारीच्या अंगावर झूल टाकतो तेव्हा झूल तिच्या खांद्यावरून ओघळते, तो ती पुन्हा नीट बसवतो. ते कुणी शिकवलेलं नव्हतं. जड कापड ओघळतंच. नव्यात असं काही होत नाही, म्हणून तिथे आग असून ऊब नाही. हे बोलायला हवं.

मग शेवट. लांबलचक रिकामा रस्ता, वावटळ पाठमोरा पायऱ्या उतरतो आणि चालत जातो. तो कडेला जरासा वळतो तेव्हा बिल्ला चकाकतो, उजव्या खांद्यावर.

लेकीने रिमोट घेतला, मागे नेलं, पुन्हा लावलं. मग आणखी एकदा.

"आई, हा कोण आहे ग?"

"कोण म्हणजे? वावटळ."

"वावटळ," ती म्हणाली. आणि उठून स्वयंपाकघरात गेली. कितीतरी वेळ नळ चालू होता. कप तर मी आधीच विसळून पालथे घातले होते. पाणी वाया घालवायची तिची लहानपणापासूनची खोड. मी तिथूनच ओरडले, नळ बंद कर.

निरोप देताना तिने मला उगीचच जवळ घेतलं. दमलेली दिसली.

९ मार्च, सोमवार

आज जे लिहिणार आहे ते बैठकीत बोलायचं नाही. फक्त इथे.

तो वावटळ नाही. ते हे आहेत.

त्या शेवटच्या दिवशी नट आलाच नाही, तापाने फणफणला होता. सेट दुसऱ्या दिवशी मोडायचा होता. पाठमोरा एकच प्रसंग राहिला होता. दिग्दर्शक यांना म्हणाला, "मास्टर, उंची तुमचीच आहे, खांदेही तेच. चढवा." यांनी कपड्यांच्या खोलीत जाऊन पोशाख चढवला. नटाला हेच चढवायचे, यांना चढवायला कोण असणार? बाहेर आले, नेहमी चालता तसं चाला, दिग्दर्शक म्हणाला, आणि हे चालले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रात्री घरी आले ते गुणगुणत.

महिन्याने सिनेमा कापून जोडताना कुणाच्या तरी लक्षात आलं, बिल्ला उजवीकडे आहे. तोवर सेट मोडला होता. दिग्दर्शकाने यांना सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाला, शिंप्याने दुकानात बसावं, इथे येऊ नये. त्यानंतर कुठूनही बोलावणं आलं नाही.

यांनी लोकांना सांगितलं, मलाच पटलं नाही म्हणून सोडलं. मला म्हणाले, "खरं काय ते कुणाला सांगू नकोस. पोरीला तर नाहीच. भांडून आला म्हटलं तर तिला राग येईल. चुकला म्हटलं तर कीव येईल. राग बरा." मी शब्द दिला.

सिनेमा लागला, पण हे बघायला गेले नाहीत, कधीच नाहीत. रस्त्यात त्याचं पोस्टर असलं तर पलीकडच्या बाजूने चालायचे. जायच्या आधी, आजारपणात, एकदा झोपेत त्यांचा हात खांद्यावर चाचपत होता. मी तो हळूच खाली घेतला.

यांचा हलता-चालता एवढाच तुकडा जगात आहे. त्यातही पाठ.

१३ मार्च, शुक्रवार

वाचनालयात गेले तर तिथे जुन्या सिनेमातल्या बिल्ल्यावरच वाद रंगलेला. आमच्याकडे एक आजोबा आहेत, त्यांना आम्ही पेन्सिलवाले म्हणतो, कारण वाचनालयाच्या पुस्तकांतल्या चुका ते पेन्सिलीने दुरुस्त करतात. ते सांगत होते, उजवा खांदा म्हणजे वावटळ मेलेला आहे, आपण पाहतो तो त्याचा आत्मा. कॉलेजातला एक तरुण म्हणत होता, तो वावटळ नव्हेच, दुसऱ्या कुणीतरी त्याची जागा घेतली आहे. (हा पोरगा खऱ्याच्या फार जवळून गेला.) बाईंनी एक मासिक काढून दाखवलं. त्यात जुन्या नटाची मुलाखत. आता पांढरी दाढी आहे. तो म्हणतो, "शेवटी बिल्ला उजवीकडे लावायचा हे मीच सुचवलं. दिग्दर्शक आधी तयार नव्हते. कलाकाराला आतून काहीतरी कळतं."

"वा!" पेन्सिलवाले म्हणाले.

मी मासिक घरी आणलं. ते पान दोनदा वाचलं. त्या दिवशी तुला आतून काही कळत नव्हतं बाबा, तू तापात बडबडत होतास. पण रागसुद्धा नीट येईना. जी चूक पोटात घेऊन हे गेले, ती हा आपली म्हणून मिरवतो. म्हणजे ती मिरवण्यासारखी होती. आणि यांना ते कुणी सांगितलं नाही. मीही नाही, कारण मलाही ठाऊक नव्हतं. हे असते तर या नव्या सिनेमाला मी त्यांना ओढत नेलं असतं. बघा म्हटलं असतं, तुमच्या चुकीवर माणसं रडतायत.

लेकीचा फोन आला. मी विचारलं जेवलीस का, तर म्हणाली, "तो सिनेमा मी पुन्हा लावला होता." मी म्हटलं, इतका काही बरा नाही तो. ती हसली नाही.

१७ मार्च, मंगळवार

आज दुकानात बँकेतल्या बाई त्यांची नवी शाल घेऊन आल्या. कडेला पट्टी लावून हवी होती. खांद्यावर पिन लावून ती कशी पडते ते त्यांना लांबून बघायचं होतं. म्हणाल्या, "काकू, तुम्हीच घ्या ना अंगावर, मी दारातून बघते. पिन डावीकडे हं, माझ्यासारखी."

मी आरशासमोर उभी राहिले, शाल घेतली, पिन लावली, वळले. त्या हसायला लागल्या. "काकू, उजवीकडे लावलीत की!"

मी पाहिलं. खरंच उजवीकडे होती.

तशीच पुन्हा आरशाकडे वळले. पिन काढली, लावली. हात पुन्हा तिथेच गेला. बाई म्हणाल्या, अहो काय करताय? मी स्टुलावर बसले. त्यांनी मला पाणी दिलं.

आम्ही जन्मभर समोरच्या माणसाला कपडे चढवले. समोरच्याचा डावा खांदा आपल्या उजव्या हाताशी येतो. हाताला तेच ठाऊक. आरशात उभा असलेला माणूसही हाताला समोरचाच वाटतो, गिऱ्हाईकच वाटतो. यांनी त्या खोलीत आरशात बघितलं आणि समोरच्या माणसाला बिल्ला लावला, रोज नटाला लावायचे तसा, नेमका, मन लावून. स्वतःच्या अंगावर कधी काही चढवलंच नव्हतं त्यांनी.

निष्काळजीपणा नव्हता तो. इतकी वर्षं आम्ही दोघांनी तो निष्काळजीपणा मानला.

शाल पूर्ण केली. पट्टी जरा वाकडी गेली, उसवून पुन्हा लावली.

२० मार्च, शुक्रवार

उद्या बैठक. सांगू की नको? शब्द दिला होता तो एका चुकलेल्या माणसाने मागितला होता. तो माणूस तसा चुकलेलाच नव्हता हे मला आता कळलं आहे. पण शब्द मागणारा गेला, मोकळं कोण करणार मला? आणि न सांगावं, तर लेक जन्मभर त्यांना मिजासखोर समजणार. उद्या ये म्हणून तिला फोन केला. ती म्हणाली, बघते.

हे असते तर म्हणाले असते, गप बस. हे नेहमीच असं म्हणायचे. नेहमीच बरोबर असायचे असं नाही.

२१ मार्च, शनिवार

सांगितलं.

आधी दोन्ही सिनेमांची तुलना केली, जड कापड, हलकं कापड, आग, ऊब, घाबरणारा वावटळ. लोक मान डोलावत होते. बाई खरोखरच रुमाल घेऊन बसल्या होत्या. मग पेन्सिलवाल्यांनी विचारलंच, "आणि वहिनी, उजव्या खांद्याबद्दल आपलं मत?"

मी म्हटलं, "मत नाही. मला माहीत आहे. ते माझे यजमान आहेत." आणि आरशाचं, समोरच्या माणसाचं, सगळं सांगितलं. त्यांना कसं घालवून दिलं तेही सांगितलं.

मग कॉलेजातला तरुण म्हणाला, "काकू, त्या खांद्यावर मी तीस पानांचा निबंध लिहिलाय, आणि तुम्ही म्हणता आरसा?" सगळे हसले. मीही हसले. पेन्सिलवाले फार मऊ आवाजात बोलले. "वहिनी, गोष्ट सुरेख आहे. पण नटाने स्वतः सांगितलंय, छापून आलंय. आपल्याकडे काही? एखादा फोटो?"

"नाही हो. फोटोत हे कधी नसायचेच. टेप गळ्यात घालून बाजूला उभे असायचे."

"असू दे, असू दे," ते म्हणाले. लहान मुलाला म्हणावं तसं. बाईंनी घाईघाईने आभार मानले. माणसं वाईट नाहीत. त्यांचा विश्वास बसला नाही, इतकंच.

लेक शेवटच्या रांगेत होती. माझं बोलणं संपलं तशी ती उठून बाहेर गेली. मला वाटलं, रागावली. जमलेल्या लोकांत बापाला घालवून दिल्याचं सांगितलं म्हणून रागावली.

ती बाहेर जिन्यावर बसलेली होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्या रविवारीच कळलं. शाळेत सोडायला यायचे तेव्हा ते माझ्या पुढे चालायचे. ती पाठ मी ओळखणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू वावटळ म्हणालीस. मला वाटलं, तुला सांगायचं नाही." मग माझ्याकडे वळून, "पण त्यांना काढून टाकलं होतं, हे का नाही सांगितलंत मला?"

"शब्द घेतला होता माझ्याकडून. तुला त्यांची कीव येऊ नये म्हणून."

"आणि मी त्यांना मिजासखोर म्हणाले, माझं वाटोळं केलंत म्हणाले, ते सगळं ऐकून घेतलंत? दोघांनीही?"

मी म्हटलं, "हो. ऐकून घेतलं."

तिने तोंड ओढणीत खुपसलं. जिन्यावरून माणसं उतरत होती, आम्हाला वळसा घालून जात होती. ओढणीतूनच तिने विचारलं, "त्या दिवशी मी बोलून गेल्यावर काय म्हणाले होते ते?"

हे मला शब्दन् शब्द आठवतं. "म्हणाले, पोरीचा आवाज काय खणखणीत आहे, नाटकात घालायला हवी होती."

ती हसली आणि हसता हसताच तिचा बांध फुटला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तिची पाठ थेट यांच्यावर गेली आहे. हे आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शब्द मोडला आहे. लिहून ठेवते.

२२ मार्च, रविवार

आज दुकान उघडलं नाही. सकाळीच लेकीकडे गेले. तिने वाढलं ते जेवले आणि दुपारी तिच्या पलंगावर झोपले.